खालच्या एकतीस ओळी

सोमवार, २१ जानेवारी १९८०. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी भंडारा जिल्ह्यातल्या खैरबोडी गावात अनसूयाबाई लांजेवार यांच्या पडवीत पहिली कुदळ पडली. अनसूयाबाई त्या वेळी आत चहा करत होत्या.

वेळ मी अंदाजाने देत नाही. गावचे पोलीस पाटील रामाजी बिसने यांनी ती आपल्या वहीत टिपून ठेवली होती. कुदळ त्यांच्याच पुतण्याची होती, त्यामुळे त्यांना ती नेमकी माहीत होती.

मी त्या वेळी नागपुरात महाल भागातल्या एका टपरीवर तर्री-पोहे खात होतो आणि आदल्या दिवशीची रविवार पुरवणी तिसऱ्यांदा वाचत होतो. तिसरं पान मी केलेलं होतं. शेजारच्या बाकावरचा माणूस तेच पान वाचतोय हे पाहून मी मुद्दाम थोडा सरकून बसलो. त्याने विचारलं असतं, तर सांगायची तयारी होती. त्याने पान उलटलं आणि पोहे त्यावर ठेवले.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि कार्यालयात माझी ख्याती अचूकपणाबद्दल होती. निदान मी तरी तसं समजत होतो. मंत्र्याच्या दौऱ्याच्या बातमीत गाडी सात मिनिटं उशिरा आली असं मी लिहीत असे. कोणी त्याबद्दल मला कधी धन्यवाद दिल्याचं आठवत नाही.

अनसूयाबाई कार्यालयात आल्या होत्या त्या दहा तारखेला, गुरुवारी. सत्तरीच्या, ठेंगण्या, पायांत रबरी चपला. लुगड्याच्या ओच्यात तांदळाचा कोंडा अडकलेला होता. गावात त्यांची भात भरडायची गिरणी होती. विसाव्या वर्षी नवरा गेल्यावर त्या बापाच्या घरी परत आल्या होत्या आणि गावात त्यांना बापाच्याच आडनावाने ओळखत.

"रविवारचं पान तुमीच काढता का?"

"हो, मीच."

"मोठं कोनी नाही का?"

मी म्हटलं, की पानाचा पूर्ण अधिकार माझ्याकडे आहे. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि पिशवीतून फडक्यात बांधलेलं एक पुडकं काढलं. सात पत्रं, मोडी लिपीत. सोबत एक शाळकरी वही. भूमापन खात्यातल्या एका निवृत्त कारकुनाने पत्रं वाचून त्यात बाळबोधीत उतरवून दिली होती.

"माह्या बाबाची आहेत. माधव लांजेवार. नागपूरच्या काकाले लिहिलेली. काकाचं घर विकलं, तवा माळ्यावर सापडली."

"कधीची?"

"हॉर्नबी साहेबाच्या वख्तची. चांदीच्या."

चांदी म्हटल्यावर मी पेन उघडलं. त्या महिन्यात चांदीचा भाव रोज पहिल्या पानावर येत होता. लोक आजीचे पैंजण मोडायला सराफ्यात रांगा लावत होते. अशा वेळी कोणी चांदीची सत्तर वर्षांपूर्वीची पत्रं घेऊन दारात येतं, हे मी माझ्या कर्तबगारीचंच लक्षण मानलं.

गोष्ट अशी होती. १९०८ साली हॉर्नबी नावाचा साहेब मँगनीज शोधत खैरबोडीला आला आणि टेकडीत चांदी सापडल्याचं त्याने जाहीर केलं. माधव लांजेवार त्याच्या छावणीत भांडारावर कारकून होता. सगळा गाव टेकडीवर गेला. वर्षभराने साहेब एका पहाटे नाहीसा झाला. चांदी कोणालाच मिळाली नाही. तेव्हापासून गाव म्हणत होतं, की कारकुनाला जागा ठाऊक होती, त्याने ती साहेबाला विकली आणि आपला वाटा दाबून ठेवला.

"आमच्या घराले गावात नाव आहे," अनसूयाबाई म्हणाल्या. "चांदीचोराचं घर. पोस्टमन नवा आला तरी तेच विचारते. सत्तर वर्सं झाली. याच्यात सगळं लिहून आहे. मी वाचून दाखवलं तर कोनी ऐकत नाही. म्हंतात, तुह्याच बापाचं, तूच वाचते. पेपरात आलं तर मानतीन."

"येईल."

"सगळं छापजा. शेवटपर्यंत. शेवट वाचला का नाही, मले सांगा."

"आम्ही छापायच्या आधी सगळं वाचतो, बाई," मी म्हटलं.

सहा पत्रं मी खरंच वाचली, आणि ती उत्तम होती. माधवरावांना बातमीदार व्हायला हरकत नव्हती. एका पत्रातला हा उतारा मला आजही पाठ आहे: 'तीर्थस्वरूप दादा यांचे सेवेशी, माधवचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. आठवड्याच्या बाजारात लोक पूर्वी भात आणीत, आता दगड आणतात. तेल्याने घाणा बंद केला. न्हावी टेकडीवर गेल्याने गावची दाढी वाढली आहे. मृग होऊन गेला, भाताचे कोवळे पऱ्हे पिवळे पडले, परंतु रोवणीस माणूस मिळत नाही. शाळेचे गुरुजीही काल कुदळ मागावयास आले होते.' त्या वर्षी खैरबोडीत भाताची रोवणीच झाली नाही. पुढच्या वर्षी लोकांनी कंद खाऊन दिवस काढले. गावाचा राग कुठून आला, हे त्यावरून मला कळायला हवं होतं. मी फक्त 'गावची दाढी' या शब्दांखाली रेघ मारली.

सातवं पत्र सर्वांत लांब होतं. शनिवार उजाडला होता, शिशाचे खिळे जुळवणारे जुळारी वाट पाहत होते. मी वहीची शेवटची पानं न वाचताच कंपोजला पाठवली. तपासायची मुद्रितं आली तेव्हा वरून वाचायला सुरुवात केली आणि निम्म्यावर मला मथळा सुचला. मथळा सुचल्यावर मी वाचत नसे.

दुपारी तीन वाजता जाहिरात विभागातून एक सराफ आला. म्हणजे त्याची जाहिरात आली: 'जुनी चांदी आजच्या भावाने घेऊ.' ती माझ्या पानावर लावायची होती, पत्रांना लागून. फोरमन दामोधर निखारे हातात दोरी घेऊन उभे राहिले. मी जन्मलो त्या वर्षी ते या छापखान्यात लागले होते आणि ही गोष्ट ते महिन्यातून एकदा तरी सांगत.

"एकतीस ओळी काढा, साहेब."

"खालच्या काढा."

"वाचून तं पाहा."

"निखारेजी, बातमी नेहमी खालूनच कापतात. महत्त्वाचं वर असतं."

"हे पत्र आहे ना, बातमी थोडीच आहे?"

"पत्राच्या शेवटी काय असतं? नमस्कार, आशीर्वाद, लहानथोरांस यथायोग्य. आपण वाचकांचे वडीलधारे आहोत का?"

निखारेजी हसले नाहीत. मला माझा विनोद आवडला होता, म्हणून मी तो शेजारच्या टेबलावर पुन्हा सांगितला.

शिवाय एकतीस ओळी गेल्यावर पत्र जिथे थांबत होतं, ती जागा फारच सुंदर होती. तेवढी मी वाचली. माधवरावांनी लिहिलं होतं: 'साहेबाची चांदी कोठून येते ते मला उमगले आहे. ती वस्तू डब्यात घालून आपल्या पडवीत, उखळापासून पूर्वेस दोन हातांवर पुरून ठेविली आहे. मागेपुढे लागली तर असावी.'

वा, मी म्हटलं. शेवट करावा तर असा. वाचकाच्या मनात काहीतरी उरलं पाहिजे.

रविवारी दुपारच्या एसटीने पुरवणी खैरबोडीला पोचली. चहाच्या टपरीवर ती मोठ्याने वाचली गेली. वाचकांच्या मनात काय उरलं ते सोमवारी सात दहाला दिसलं. उखळ अजून त्याच जागी होतं.

सोमवारी सकाळी अकरा वीसला आमच्या तालुका वार्ताहराचा फोन आला. तो आनंदात होता. त्याच्या हद्दीत बऱ्याच दिवसांत काही घडलं नव्हतं.

"दीडशे माणूस आहे! पडवी झाली, आता अंगण लावलंय. टेकडीवर वेगळे गेलेत. फोटोवाला पाठवता का?"

संपादकांनी मला बोलावलं.

"पत्र इथेच संपतं?"

"नाही. एकतीस ओळी खाली होत्या."

"काय होतं त्यांत?"

संपादकांनी चष्मा काढून पुसला. मी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं होतो. चष्मा पुसण्यापलीकडे ते कधी गेले नव्हते. त्या दिवशी त्यांनी तो दोनदा पुसला.

खाली छापखान्यात मी धावतच गेलो. कापलेल्या मजकुराचे खिळे लगेच सोडवून खणांत परत टाकतात. निखारेजींनी त्या ओळी दोरीने बांधून खिडकीत ठेवल्या होत्या.

"सोडल्या नाहीत?"

"लागतीन असं वाटलं." त्यांनी शाई फिरवली, कागद दाबला आणि मुद्रित माझ्या हातात दिलं. "मी जुळवतानाच वाचल्या होत्या. म्हणून तं म्हटलं, वाचून पाहा."

मी त्या दोनदा वाचल्या. निखारेजींनी न विचारता मला पाण्याचा ग्लास दिला.

मंगळवारी दुपारी मी खैरबोडीला उतरलो. घर सांगायची गरज नव्हती. सगळी पावलं तिकडेच चालली होती. पडवी कमरेइतकी खणलेली होती. उखळ एका कडेला आडवं पडलं होतं. खड्ड्यात चार जण, काठावर तीस-चाळीस. पूर्व नेमकी कोणती यावर दोन गटांत वाद चालू होता. पोलीस पाटील बिसने खुर्ची टाकून बसले होते, खुर्ची अनसूयाबाईंची.

अनसूयाबाई चुलीपाशी होत्या. मला पाहून त्यांनी आधणात एक कप पाणी वाढवलं.

"या. वाचला का शेवट?"

"काल वाचला," मी म्हटलं.

"काल."

"जाहिरात आली होती. जागा कमी पडली. आमच्याकडे खालून कापायची पद्धत आहे. महत्त्वाचं वर…"

"आमच्याकडे वर खुशाली लिहितात," त्या म्हणाल्या. "दादा कसे, वहिनी कशी, गाय व्याली का नाही. मोठ्या भावाले वाईट गोष्ट दारातच सांगते का कोनी? बसवते, पानी देते, मंग सांगते." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "घ्या. तुमालेही आधी चहाच दिला ना?"

मी चहा घेतला. मग खड्ड्याच्या काठावर उभा राहिलो, खिशातून मुद्रित काढलं आणि लोकांना सांगितलं, की पत्राचा उरलेला भाग वाचतो. कुदळी थांबल्या. मी वाचलं:

'वस्तू म्हणजे साहेबाची चांदी गाळण्याची मूस व कापलेले दोन राणीछाप रुपये. साहेब रुपये वितळवून तो रस दगडांच्या भेगांत ओततो आणि तेच दगड विलायतेस भागीदारांकडे पाठवितो. मी डोळ्यांनी पाहिले. डोंगरात चांदी नाही. बाजारच्या दिवशी चावडीवर उभे राहून मी सर्वांस हे सांगितले. कोणी ऐकले नाही. म्हणतात, माधवला एकट्याला हवी आहे. साहेब काल पहाटे निघून गेले. लोक आता माझे दार धरून बसले आहेत…'

मी थांबलो. माझ्या मते परिणाम झाला होता. सगळे माझ्याकडे पाहत होते.

"हे रविवारी काऊन नाही आलं?" बिसने पाटलांनी विचारलं.

"जागा नव्हती."

"चांदी आहे म्हनाले जागा होती. नाही म्हनाले जागा नव्हती."

"एक जाहिरात…"

"कशाची?"

मी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण माझी ख्याती अचूकपणाची होती. "सराफाची," मी म्हटलं. "जुनी चांदी घेऊ."

काठावर मोठा हशा झाला. खड्ड्यातला एक जण ओरडला, "अबे, हा तं सराफाचा माणूस आहे!"

"वरून दबाव आला असन. कलेक्टरनं पाठवलं असन. टेकडी सरकारले पायजे."

"कागद तं पाहा, शाई ओली आहे अजून. कालच छापलं!"

ते खरंच होतं. माझ्या अंगठ्याला शाई लागली होती. मी मूळ मोडी पत्र दाखवलं. ते हातोहात फिरलं, कोणालाच वाचता येत नव्हतं, आणि ज्याच्या हाती गेलं त्याने मान हलवून पुढे दिलं. शेवटी पाटलांनी ते मला परत करताना समजूतदारपणे म्हटलं, "तुमाले एकट्याले पायजे असन तं तसं सांगा ना, साहेब. वाटा करू."

चुलीजवळून अनसूयाबाईंचं हसणं ऐकू आलं. बारीक, दबलेलं. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"काय झालं?"

"काही नाही. आजवर एकच चांदीचोर होता या गावात," त्या म्हणाल्या. "आता दोन झाले."

चार वाजून चाळीस मिनिटांनी कुदळ पत्र्यावर वाजली. ही वेळ माझ्या घड्याळाची आहे. विलायती बिस्किटांचा डबा होता, गंजून पानासारखा झालेला. झाकण उचलताच हातात आलं. आत मातीची एक मूस, तिच्या तळाशी बोराएवढा पांढरा गोळा, आणि दोन अर्धे रुपये, राणीचं डोकं मधोमध कापलेलं.

अनसूयाबाई काठावर येऊन बसल्या. त्यांनी मुशीकडे पाहिलं. पन्नास वर्षं त्या तिच्यावरून झाडू मारत आल्या होत्या.

"जसं लिहिलं तसंच आहे," त्या हळू म्हणाल्या. "पाटील, पाहा. मूस आहे. कापलेले रुपये आहेत."

पण पाटील गोळ्याकडे पाहत होते. "म्हंजे चांदी होतीच," ते म्हणाले. आणि मग सगळ्यांनीच तसं म्हटलं.

"आन् अर्धे रुपये?" कोणीतरी विचारलं.

"ती साहेबानं हिच्या बापाले दिलेली लाच असन. अर्धी आधी, अर्धी काम झाल्यावर."

मी पुढे झालो. या वेळी मी खरोखर काहीतरी उपयोगाचं बोललो, असं मला आजही वाटतं. मी म्हटलं, गोळा तपासायला पाठवा. रुपयात चांदीबरोबर ठरावीक तांबं असतं. गोळ्यात तेवढंच तांबं निघालं, तर तो रुपयांचाच आहे हे कागदावर येईल. सरकारी शिक्क्याचा कागद असेल. मी छापलेला नसेल.

शेवटचं वाक्य लोकांना पटलं.

ठाण्यातून हवालदार आला, पंचनामा सुरू झाला. पंच म्हणून माझी सही हवी होती. हवालदाराचं अक्षर टपोरं होतं. त्याने वर गावाचं नाव, घराचं वर्णन, चारी दिशांना कोण राहतं, उखळ, खड्ड्याची लांबी-रुंदी हे सगळं सविस्तर लिहिलं. मग 'चांदीसदृश धातूचा गोळा एक' असं लिहिलं आणि कागद संपला.

"मूस राहिली," मी म्हटलं. "आणि रुपये."

"खाली जागा नाही, साहेब. मुख्य वस्तू आली ना?"

"दुसरा कागद जोडा."

"एकच आणला. शेवटची बस सहाची आहे." त्याने पेन माझ्यापुढे धरलं. "करा सही."

मी अनसूयाबाईंकडे पाहिलं नाही. सही केली. त्या वेळी मला वाटलं, गोळा सर्वांत महत्त्वाचा, बाकीचं नंतर जोडता येईल. मूस आणि रुपये डब्यासकट गोळ्याबरोबर हवालदाराच्या पिशवीत गेले, नोंद न होता.

निघताना त्यांनी मला अंगणापर्यंत सोडलं. वाट अशी उरली नव्हती, खड्डे चुकवत जावं लागत होतं.

"तुमी मघा वाचता वाचता थांबले," त्या म्हणाल्या. "खाली आनखी होतं."

"हो. फक्त एक ओळ. घरगुती होती. म्हटलं लोकांना कशाला…"

"वाचा."

मुद्रित काढून मी एकतिसावी ओळ वाचली: 'मुलगी झाली आहे. आशीर्वाद असावा.'

"ती मी," अनसूयाबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी सातवं पत्र मी पूर्ण छापलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, वरून खाली. सराफाची जाहिरात दुसऱ्या पानावर पाठवली. तोवर चांदीचा भाव कोसळला होता आणि वाचकांचं लक्ष त्याकडे होतं. खैरबोडीत त्या दिवशी पुरवणी विकली गेली नाही. तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, की पेपरवाला आता सरकारला मिळालाय.

अनसूयाबाईंनी पडवीतला खड्डा बुजवू दिला नाही. वस्तू जिथून काढली तिथे परत येईल, मग बुजवू, असं त्या म्हणत. वर फळ्या टाकून त्या ये-जा करत. मला त्या दर संक्रांतीला पत्र पाठवत. मी ती पत्रं उलटी धरल्यासारखी खालून वर वाचत असे, कारण वर बहुतेक गाईचं असे आणि तळाशी एकच प्रश्न: अहवाल आला का? १९८७च्या पत्राच्या तळाशी तो प्रश्न होता, पण अक्षर दुसऱ्याचं होतं. पत्राच्या आठवडाभर आधी अनसूयाबाई वारल्या होत्या. त्यांच्या भाच्याने लिहिलं होतं, की विचारायला त्यांनीच सांगून ठेवलं होतं.

मी निवृत्त झालो तेव्हा हाताशी वेळ होता. माहितीच्या अधिकारात तीन अर्ज केले. प्रयोगशाळेकडून उत्तर आलं, की सदर नमुन्याचा अहवाल सप्टेंबर १९८१ मध्ये संबंधित ठाण्यास रवाना केला असून कार्यालयीन प्रत नष्ट करण्यात आली आहे. ठाण्याकडून उत्तर आलं, की असा अहवाल प्राप्त झाल्याची नोंद नाही. तिसरा अर्ज मूस आणि दोन अर्ध्या रुपयांबद्दल होता. उत्तरासोबत माझ्याच सहीच्या पंचनाम्याची छायाप्रत जोडली होती आणि खाली लिहिलं होतं: अशा कोणत्याही वस्तू जप्त केल्याचे यावरून दिसत नाही.

अपील केलं आहे. सुनावणी दोनदा पुढे गेली. गेल्या महिन्यात भाच्याच्या मुलाचा फोन आला होता. घराला फरशी बसवायची आहे, खड्ड्याचं काय करायचं, असं तो विचारत होता. मी म्हटलं, थांब थोडं. फळ्या त्याने नवीन टाकल्या आहेत.